पोटात पाय, तोंडात किसणी

प्लांटेड टँक, म्हणजे आत जिवंत झाडं लावलेली माशांची टाकी, ठेवणाऱ्याला कोणी ना कोणी विचारतंच की त्या गोगलगायी कशाला ठेवल्यात, आणि आपलंही उत्तर ठरलेलं, शेवाळ खातात ना, काच साफ ठेवतात. मला हे उत्तर हल्ली द्यावंसं वाटत नाही. एकतर ते अर्धंच खरं आहे आणि दुसरं म्हणजे माशांना कोणी असलं काही विचारत नाही. निऑन टेट्रा काय काम करतो? काही नाही, इकडून तिकडे फिरतो आणि आपण कौतुकाने बघत बसतो. गोगलगायीने मात्र टँकमध्ये राहायचं तर नोकरी केलीच पाहिजे.

तशा निम्म्याअधिक गोगलगायी आपण ठेवतच नाही, त्या येतात. हायग्रोफिला नाहीतर व्हॅलिस्नेरियासारखं पाण्यातलं नवीन झाड आणलं की एखाद्या पानाखाली पारदर्शक जेलीचा ठिपका चिकटलेला असतो, त्यात अंडी, आणि तो मुद्दाम शोधला तरी चटकन दिसत नाही. लोक झाडं तुरटीच्या पाण्यात बुडवून ठेवतात, ब्लीचमध्ये बुडवतात, तरी एखादी निसटतेच आणि एक पुरते. ब्लॅडर स्नेल (स्नेल म्हणजे गोगलगायच) उभयलिंगी असते, जोडीदार मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर एकटीच्या जिवावर अंडी घालते. मलेशियन ट्रम्पेट ही गोगलगाय त्याच्याही पुढची, तिथे मादी नराशिवायच पिल्लं देते, तीही थेट जिवंत, अंड्यांची भानगडच नाही. दिवसभर वाळूत गाडून घेऊन बसते, त्यामुळे टँकमध्ये आहेत की नाहीत हे लाइट बंद झाल्यावर टॉर्च मारल्याशिवाय कळत नाही, आणि टॉर्च मारल्यावर जे दिसतं त्याने काही लोकांची झोप उडते.

मग सुरू होतं "वाढल्या हो" प्रकरण. मला यात गोगलगायींची बाजू घ्यावीशी वाटते. त्या हवेतून तयार होत नाहीत, टँकमध्ये जेवढं खायला आहे तेवढ्याच होतात. माशांनी न खाल्लेले दाणे तळाशी पडतायत, सडकी पानं कोणी काढत नाहीये, तर त्यांनी काय उपास करायचे? दाणे टाकताना हात आवरा, संख्या आपोआप खाली येते, फक्त हळूहळू येते आणि आपल्याला तेवढा दम नसतो. तोवर कोणीतरी तांबं असलेलं औषध सुचवतं. गोगलगायी मरतात त्याने, पण श्रिंपही मरतात, आणि वाळूत एकदम एवढी मेलेली गोगलगाय सडायला लागली की अमोनिया चढतो आणि मासेही वरती येऊन तोंडं उघडायला लागतात. काकडीची चकती किंवा लेट्यूसचं पान रात्री टाकून ठेवायचं आणि सकाळी त्यावर जमलेल्या उचलून काढायच्या, हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं.

बरं, साफसफाईचं. नेराइट जातीची गोगलगाय काचेवरचं शेवाळ झकास खाते हे मान्य (आणि मग तिथेच पांढरी कडक अंडी चिकटवून ठेवते, जी गोड्या पाण्यात वाढत नाहीत आणि सहजासहजी निघतही नाहीत). पण जे आत जातं ते मागून बाहेर पडतंच, त्यातलं नायट्रोजन टँकमध्येच राहतं. ते बाहेर जाणार पाणी बदलल्यावर नाहीतर झाडं छाटून काढल्यावर. शेवाळ जास्त लाइटमुळे आणि पाण्यातल्या खतामुळे येतं, तिथे ती बिचारी काय करणार. एक मात्र खरं, की सडकं पान आणि उरलेला दाणा ती बारीक करते आणि पुढचं बॅक्टेरियाला आणि मुळांना सोपं जातं. पण म्हणून तिला सफाई कामगार म्हणून आणायचं आणि मग काम नीट करत नाही म्हणून चिडायचं, हे जरा अतीच.

त्यापेक्षा नुसतं बघा. काचेला चिकटलेली लाल रॅम्सहॉर्न गोगलगाय बाहेरून बघायची, भिंग असेल तर उत्तम. तोंड उघडतं, आतून एक छोटीशी किसणी पुढे येऊन काचेवर फिरते, तोंड मिटतं, परत उघडतं. त्या किसणीला रॅड्युला म्हणतात, तिच्यावर बारीक दातांच्या रांगाच्या रांगा असतात, पुढचे झिजून गळतात आणि मागून नवे सरकतात. हिरव्या थरात मागे नागमोडी पट्टा उमटत जातो. आणि ही लाल का दिसते, तर तिच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन आहे, बाकी बऱ्याच गोगलगायींच्या रक्तात तांब्यावर चालणारं निळसर द्रव्य असतं.

मिस्ट्री स्नेल आणखी मजेशीर. तिला कल्लेही आहेत आणि फुप्फुसही, त्यामुळे मधूनच काचेवरून वर येते, एक लांब नळी पाण्याबाहेर काढते आणि अख्खं अंग पुढेमागे हलवत हवा भरून घेते. अंडीही पाण्याबाहेर, झाकणाजवळ, गुलाबी घोसात. म्हणून टँक काठोकाठ भरायचा नाही.

शंख हा तर वेगळाच विषय. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं तर ब्लॅडर स्नेलचं तोंड डावीकडे असतं, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या पाँड स्नेलचं उजवीकडे. पाँड स्नेलच्या जातीत कधीमधी डावी निघते, आणि पिल्लू कुठल्या बाजूला वळणार हे त्याच्या स्वतःच्या नाही तर आईच्या जनुकांवर ठरतं, हा हिशोब आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९२३ मध्येच मांडलाय. टँकवाल्याची खरी अडचण मात्र शंखाला लागणाऱ्या कॅल्शियमची. झाडांना जे मऊ, थोडं आम्लधर्मी पाणी मानवतं तेच शंखाला खातं. वरून आपण झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडतो, पीएच आणखी खाली जातो, आणि शंखाच्या सगळ्यात जुन्या भागावर, म्हणजे टोकाशी, पांढरे खड्डे पडायला लागतात. ते बाहेरून भरून येत नाहीत. कटलबोनचा (कटलफिश या समुद्री प्राण्याच्या अंगातल्या चुनखडीच्या कवचाचा) तुकडा टाकून ठेवला की निदान नवीन वाढ तरी धड येते. झाडं आणि गोगलगायी दोघांना एकदम शंभर टक्के खूश ठेवता येत नाही, माझ्याकडे कौल थोडा गोगलगायींच्या बाजूने लागतो, झाडं जरा सावकाश वाढली तरी चालतात.

जास्त झालेल्या गोगलगायी ओढ्यात, तळ्यात सोडू नका एवढंच कळकळीने सांगेन. गोल्डन अॅपल स्नेल दक्षिण अमेरिकेतून १९८० च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानला आणली, ती तिथून सुटली आणि आशियात ठिकठिकाणी भातशेतीच्या मुळावर उठली. त्यापेक्षा पी पफर नावाचा गोगलगायी खाणारा मासा पाळणारा कोणी ओळखीचा असेल तर तो डबाच घेऊन येतो, त्याच्या नखाएवढ्या माशाला ताजी गोगलगाय म्हणजे मेजवानी. मी देतो त्याला ब्लॅडर आणि लहान रॅम्सहॉर्न. मोठी लाल तेवढी मागे ठेवतो, तो नेहमी मागतो आणि मी नेहमी विषय बदलतो.