कपाचे माप आणि काट्याचे माप
गेली कित्येक वर्षे मी नानकटाईसाठी मैदा मापाच्या कपानेच घेत आले. आज मात्र तोच कप एकदा चाळलेल्या मैद्याने हलक्या हाताने आणि एकदा डब्यातून दाबून भरून नव्या डिजिटल वजनकाट्यावर पाहिला, तेव्हा पहिल्या खेपेस १२० आणि दुसऱ्या खेपेस १५२ ग्रॅम मैदा भरला. कधी खुसखुशीत, तर कधी दगडासारखी होणाऱ्या नानकटाईचे खापर मी बिचाऱ्या ओव्हनवर फोडत होते! पातेले काट्यावर ठेवून शून्याचे बटण दाबायचे, तूप घालायचे, पुन्हा शून्य करून पिठीसाखर घालायची. त्यामुळे तुपकट वाट्या घासण्याचे कामही वाचले. खाण्याचा सोडा मात्र चमच्यानेच घेतला, कारण एकेका ग्रॅमने पुढे सरकणाऱ्या या काट्याला पाव चमचा सोडा नीट कळतच नाही.