घरच्या अ‍ॅक्वापोनिक्ससाठी पंप: आधी उंची, मग वॅट, शेवटी किंमत

सांगली जिल्ह्यात पाणी उचलण्याचा खर्च कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांच्या माळावर नेले आणि त्याबरोबर वीजबिल कोणी व कसे भरायचे हा प्रश्नही वर्षानुवर्षे चर्चेत ठेवला. घरच्या अंगणात किंवा गच्चीवर एकाच पाण्यावर मासे आणि भाजी वाढवायची, म्हणजे अ‍ॅक्वापोनिक्स करायचे, ठरवले की तोच हिशेब लहान मापात आपल्या दारी येतो. शेतातली मोटार लाइट असेल तेवढा वेळ चालते, अ‍ॅक्वापोनिक्सचा पंप मात्र वर्षाचे ८,७६० तास चालवावा लागतो. विश्रामबाग परिसरातील काही परिचितांनी अलीकडे कोणता पंप घ्यावा असे विचारले, आणि प्रत्येकाने पहिला प्रश्न किमतीचा केला. माझ्या मते किंमत हा या व्यवहारातला सर्वांत शेवटचा आणि सर्वांत छोटा आकडा आहे.

माझ्याकडे हजार लिटरची टाकी असून तिच्यात कोई मासे आहेत. शेजारच्या दोन वाफ्यांत खडी भरून पालक, पुदिना आणि अळू लावला आहे. (आमच्या घरी मासे खाल्ले जात नाहीत, त्यामुळे पंगस किंवा चिलापी पाळणाऱ्यांचे खाद्याचे गणित माझ्यापेक्षा वेगळे असणार, पंपाचे गणित मात्र तेच राहते.) माशांच्या उत्सर्गातून पाण्यात अमोनिया येतो, खडीवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट झाडे उचलतात. हे जिवाणू प्राणवायूवर जगतात, मासेही प्राणवायूवरच जगतात, आणि तो दोघांपर्यंत पोहोचवण्याचे काम वाहत्या पाण्याकडे असते. त्यातच पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये उघड्यावरच्या टाकीचे पाणी किती तापते हे पाहिलेल्या माणसाला पंप बंद पडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. टाकीतले सगळे पाणी तासाभरात एकदा वाफ्यांतून फिरून यावे, असा साधारण दंडक आहे. म्हणजे मला तासाला हजार लिटर पाणी हवे, आणि ते पंपाच्या तोंडाशी नव्हे, तर वाफ्याच्या काठावर हवे.

इथेच खोक्यावरचा मजकूर फसवा ठरतो. ‘२,००० लिटर प्रति तास, हेड २ मीटर’ असे छापलेले असले की गिऱ्हाईक समजते, हा पंप दोन मीटर उंचीवर दोन हजार लिटर देईल. प्रत्यक्षात हे दोन आकडे कधीच एकत्र मिळत नाहीत. दोन हजार लिटर हे उंची शून्य असतानाचे, आणि दोन मीटर ही अशी उंची, जिथे पाणी पाइपात नुसते उभे राहते आणि एक थेंबही बाहेर पडत नाही. या दोन टोकांच्या मधे आपल्या उंचीला किती पाणी मिळेल, हे पंपाच्या आलेखावर कळते. ज्या पंपाबरोबर हा आलेख मिळत नाही, तो मी घेत नाही. उंची मोजायची ती टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून पाइपाच्या सर्वांत वरच्या टोकापर्यंत. पंप पाण्यात किती खोल ठेवला आहे याचा तिच्याशी संबंध नसतो, कारण पातळीखालचे पाणी पंपाला उचलावे लागतच नाही. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पातळी वीतभर उतरते, तेवढी उंची मात्र हिशेबात वाढवून धरावी.

आता थोडे भौतिकशास्त्र. एका तासात हजार लिटर पाणी दीड मीटर उचलण्यासाठी निसर्गाला फक्त ४ वॅट पुरतात. वजन गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची, भागिले ३,६०० सेकंद, एवढेच ते गणित आहे. आपण जे काही जास्त मोजतो, ते मोटारीच्या, पंख्याच्या आणि पाइपाच्या अकार्यक्षमतेपोटी मोजतो. बाजारातला चुंबकी रोटरचा साधा एसी पंप या कामाला ४० वॅटच्या आसपास खातो, तर चांगला बीएलडीसी पंप, म्हणजे डीसीवर चालणारा ब्रश नसलेला, त्याच्या निम्म्यात भागवू शकतो. घरात पडून असलेली अर्ध्या एचपीची मोनोब्लॉक मोटार जोडावी असा सल्लाही आपल्याकडे हमखास मिळतो, कारण आपण सगळे एचपीत विचार करणारे लोक आहोत. अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट, आणि तेही मोटारीच्या दांड्यावर मिळणारे. मीटरवर ती पाचशेच्या पुढेच दिसते. पाचशे वॅट चोवीस तास म्हणजे रोज १२ युनिट, महिन्याला ३६०. तेच काम ४० वॅटचा पंप महिन्याला २९ युनिटांत आणि २० वॅटचा पंप साधारण साडेचौदा युनिटांत करतो. शिवाय ही मोठी मोटार पाण्यात बुडवायच्या प्रकारची असेल, तर तिने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णता होऊन त्याच हजार लिटर पाण्यात मुरते आणि मेमध्ये माशांच्या जिवावर उठते.

युनिटचा दर धरताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर वेगळा, १०१ ते ३०० चा वेगळा आणि त्यापुढचा आणखी चढा असतो. फ्रीज, दिवे आणि पंखे आधीपासून चालू असतातच, त्यामुळे पंपाचे नवे युनिट नेहमी बिलाच्या वरच्या टोकाला जाऊन बसतात. म्हणून सरासरी दराने हिशेब करू नये. आपले बिल ज्या टप्प्यात संपते, त्या टप्प्याचा दर धरावा. एक वॅट वर्षभर चालला की पावणेनऊ युनिट होतात, एवढे पाठ असले तरी दुकानात उभ्या उभ्या दोन पंपांची तुलना करता येते. वीस वॅटचा फरक म्हणजे वर्षाला १७५ युनिट, आणि महाग पंपाची जास्तीची किंमत त्यातून किती दिवसांत वसूल होते, हे मग ज्याचे त्याला कळते. शेतीपंपांच्या संचांवर असते तशी ऊर्जाबचतीची तारांकित चिठ्ठी या छोट्या पंपांवर नसते, त्यामुळे हे गणित आपले आपणच करावे लागते.

पंपावर पैसे वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग मात्र पंपात नाही, तो मांडणीत आहे. वाफा छातीएवढ्या उंचीवर घेतला की वाकावे लागत नाही, हे खरे. पण हेड अडीच मीटरवरून सव्वा मीटरवर आणले, तर तेवढ्याच पाण्याला लागणारी शक्ती थेट निम्मी होते. त्यानंतर पाइप. लहान पंपांना बहुधा अर्ध्या इंचाचे तोंड असते आणि आपण त्याच मापाची नळी शेवटपर्यंत नेतो. तासाला दीड हजार लिटर पाणी १५ मिलीमीटर व्यासाच्या पाइपातून नेले, तर घर्षणापोटी दर मीटरमागे चाळीसएक सेंटिमीटर हेड वाया जाते. तेच पाणी २५ मिलीमीटरच्या पाइपातून नेले, तर जेमतेम चार. म्हणजे तीन मीटरच्या बारीक पाइपात सव्वा मीटर उंचीचा एक अदृश्य वाफा दडलेला असतो. पंपाच्या तोंडाशीच रिड्युसर लावून एक इंची पाइप घ्यावा आणि एल्बो जितके टाळता येतील तितके टाळावेत. कॉक दाबून पाणी कमी करण्याची सवयही वाईट. पाणी जास्त येत असेल तर पंप मोठा झाला आहे, हे मान्य करून छोटा घ्यावा किंवा वेग कमी करता येणारा डीसी पंप घ्यावा.

बसवल्यावर तपासणी करायला उपकरणे लागत नाहीत. वाफ्याच्या काठावर वीस लिटरची बादली धरून ती भरायला किती सेकंद लागतात ते पाहावे. साठ सेकंद लागले तर तासाला १,२०० लिटर पाणी येत आहे. विजेसाठी घरातील बाकी सगळे बंद करून मीटरवरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्यासमोर उभे राहावे. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरवर छापलेला असतो. तो ३,२०० असेल आणि पंप खरोखर ४० वॅटचा असेल, तर अर्ध्या तासात दिवा ६४ वेळा लागेल. नव्वद वेळा लागला, तर खोक्यावरचा आकडा खोटा आहे. घरातल्या माणसांना अर्धा तास फ्रीजशिवाय आणि पंख्याशिवाय बसवण्याची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी.

टायमर लावून वीज वाचवण्याबद्दल बरेच बोलले जाते: पंधरा मिनिटे पंप चालू, पंचेचाळीस मिनिटे बंद. पण तासाचे पाणी पाव तासात उचलायचे, तर पंप चौपट लागतो आणि वेगवान पाण्याचे घर्षणही वाढते, म्हणजे बचत बहुतांशी कागदावरच राहते. वाफा भरणे-रिकामा होणे हवेच असेल, तर बेल सायफन, म्हणजे वाफा ठरावीक पातळीपर्यंत भरला की तो आपोआप रिकामा करणारी नळी, लावून छोटा पंप अखंड चालवणे मला अधिक पटते. सायफन सुरू व्हायला एक किमान प्रवाह लागतो, तेवढा मात्र पंपाने दिला पाहिजे.

टिकाऊपणाच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याचा अनुभव थोडा आडवा येतो. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर वसवलेली किर्लोस्करवाडी पंपांसाठी देशभर ओळखली जाते, आणि मोटार जळाली तर वायंडिंगवाल्याकडे टाकून भरून आणायची, ही इथल्या प्रत्येक घराची रीत आहे. एका ओळखीच्या मिस्त्रींना मी बंद पडलेला चुंबकी पंप दाखवला, तेव्हा त्यांनी तो उलटसुलट फिरवून, नखाने टोचून पाहिला आणि म्हणाले, “सर, ह्यात भरायचं काय? समदं ओतून बंद केलंय की.” खरेच आहे. या पंपांत तारेचे वेटोळे इपॉक्सीत, म्हणजे ओतल्यावर दगडासारख्या घट्ट होणाऱ्या रसायनात, कायमचे गाडलेले असते. पाणी आत शिरू नये म्हणून ते तसेच हवे. फिरणारा भाग एकच, चुंबकाला जोडलेला पंखा, आणि तो सिरॅमिकच्या बारीक दांड्यावर फिरतो. झिजतो किंवा मोडतो तो हा भाग. त्यामुळे दुकानदाराला विचारायचा प्रश्न ‘वॉरंटी किती’ हा नसून, ‘याचा पंखा आणि दांडा सुटा मिळतो का, आणि आज तुमच्याकडे आहे का’ हा आहे. तेल भरलेल्या मोटारी टाळाव्यात, कारण सील फुटले की तेल थेट माशांत जाते. पितळी किंवा तांब्याचा भाग पाण्याला लागत असेल तर तोही पंप नको. तांबे माशांना अगदी थोड्या प्रमाणातही विषारी ठरते. कूलरचा पंप स्वस्त असतो, पण तो हंगामी आणि अधूनमधून चालण्याच्या हिशेबाने केलेला असतो. अडीअडचणीला ठेवावा, भरवशाला नाही.

पुढचा प्रश्न लाइट जाण्याचा. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शहराच्या अनेक भागांत वीज नव्हती, आणि वळवाच्या पावसात फांदी पडून काही तास अंधार होणे तर नेहमीचेच आहे. इथे कमी वॅटचा दुसरा फायदा दिसतो. १२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नाही आणि वाटेतली गळती सोडायची, तर हजार धरावेत. त्यावर २० वॅटचा पंप दोन दिवस चालतो, पाचशे वॅटची मोटार जेमतेम दोन तास. डीसी पंप बॅटरीवर थेट चालतो, फक्त त्याचा आणि बॅटरीचा व्होल्टेज जुळला पाहिजे. एसी पंप जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गुरगुरतो आणि तापतो. याशिवाय पाच-सात वॅटचा हवेचा पंप वेगळ्या जोडणीवर असावाच, कारण पाणी थांबले तरी हवा चालू राहिली, तर मासे तग धरतात. हवेचा पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल, तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, नाहीतर लाइट गेल्यावर पाणी उलटे येऊन तो भरतो. मुख्य पंपाच्या पाइपाचे टोकही वाफ्यातल्या पाण्यात बुडवून ठेवू नये. पंप थांबला की सायफन होऊन वाफा टाकीत रिकामा होतो. आणि पाण्यात बुडालेल्या प्रत्येक उपकरणाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच) आणि खरे अर्थिंग असल्याशिवाय टाकीत हात घालू नये.

देखभाल फार नाही, पण ती चुकवता येत नाही. आमच्या बोअरच्या जड पाण्याने पंख्यावर आणि दांड्यावर पांढरा थर बसतो, पंप घरघरू लागतो आणि बादली भरायला वेळ लागू लागतो. पंप काढून पंख्याचा भाग लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर ठेवला आणि जुन्या टूथब्रशने घासला, की थर सुटतो. पंपाभोवती स्पंजची जाळी असेल, तर तीही त्याच वेळी टाकीच्याच पाण्यात पिळून घ्यावी, कारण नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने त्यातले जिवाणू मरतात. मोठा एक पंप घेण्याऐवजी मी छोटे दोन घेतले आहेत, प्रत्येक वाफ्याला एक. एक साफसफाईला निघाला तरी निम्मे पाणी फिरत राहते, आणि दोन्ही एकाच मॉडेलचे असल्याने एक सुटा पंखा आणि एक दांडा दोघांनाही पुरतो.