दुसऱ्या हप्त्याची फाईल

ऊस बिलाचा पहिला हप्ता साखर कारखान्याच्या सगळ्या गटांना, म्हणजे विभागांना, बिनबोभाट गेला होता. सर्व्हर तोच, गटांच्या याद्यांवरून रात्री बँकेची फाईल बनवणारी स्क्रिप्ट तीच, बँकही तीच. दुसऱ्या हप्त्याला मात्र एका गटातल्या एकाही शेतकऱ्याच्या खात्यावर पैसे पडले नाहीत. रात्रीच्या लॉगमधली, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीतली, शेवटची ओळ काय, तर 'काम यशस्वी'.

मी बेळगावात राहून आसपासच्या तालुक्यांतले लहानसहान सर्व्हर सांभाळतो. पतसंस्था, दूध डेअरी, एखादं हॉस्पिटल असली गिऱ्हाइकं. ही गोष्ट चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्याची. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. तिथला सर्व्हर मी नुकताच हातात घेतला होता. स्क्रिप्ट आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलेली होती, आणि खरं सांगायचं तर बरी लिहिलेली होती.

फोन आला तेव्हा अकौंटंट साहेबांनी निकाल देऊन टाकलेला होता. "गट ऑफिसातली ती पोरगी फाईल टाकायला विसरली. तुम्ही फक्त लॉग बघून तसं लिहून द्या." त्यांची घाई मला कळत होती. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर १५ टक्के व्याज. हा वरचा हप्ता त्यात बसो न बसो, ऊस बिल अडकलं म्हटलं की कारखान्यात सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. लिहून देण्याऐवजी मी गाडी काढली. काकती, हत्तरगी, संकेश्वर आणि तिथून आत चिकोडीकडे.

ऑफिसच्या व्हरांड्यात पंधरावीस माणसं पासबुकं घेऊन उभी होती. एक मामा मलाच साहेब समजून म्हणाले, "पयला आला, मग दुसरा कुठं अडकला ओ?" प्रश्न अगदी बरोबर होता. पुढचे दोनतीन तास मीही तोच विचारत बसलो. पहिला का गेला?

गट ऑफिसातली ऑपरेटर आधीच बोलावून घेतलेली होती. डोळे लाल. "मी टाकलोय की सर फाईल. फोल्डरमध्ये दिसायलीय, बघा तुम्हीच."

बघितलं. एलएस, म्हणजे फोल्डरमधली नावं दाखवणारी कमांड, मारली तर फाईल समोर हजर. 'दुसऱ्या हप्त्याची यादी', पुढे गट क्रमांक, मधे अंडरस्कोअर, शेवटी सीएसव्ही. तारीख आदल्या दिवशीची, वेळ संध्याकाळची, म्हणजे स्क्रिप्ट रात्री दोनला चालायच्या कितीतरी आधीची. साईझ शून्य नाही. मालकी आणि परवानग्या बाकीच्या फायलींसारख्याच. पोरगी विसरलेली नव्हती, एवढं पहिल्या पाच मिनिटांत सिद्ध झालं. अकौंटंट साहेबांना ते मी तिच्यासमोरच सांगितलं.

मग फाईल उघडायला गेलो. कॅट ही फाईल दाखवणारी कमांड लिहिली, नाव टाईप केलं, एंटर. उत्तर आलं, अशी फाईलच नाही. पुन्हा एलएस. आहे. नावाची पहिली दोन अक्षरं टाईप करून टॅब दाबला, दोन सूचना आल्या, त्यातली निवडली तर फाईल लगेच उघडली. तेच नाव मी हाताने टाईप केलं की नाही, टॅबने भरलं की आहे.

असं झालं की पडद्याकडे बघणं थांबवायचं. पडदा अक्षरं दाखवतो. फाईल सिस्टिमला अक्षरं ठाऊकच नसतात, तिला फक्त बाईट, म्हणजे आकडे, कळतात. मी एलएसचं आउटपुट ओडी या बाईट दाखवणाऱ्या कमांडकडे वळवलं, हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत, दाखव म्हणून सांगितलं, आणि या गटाची व शेजारच्या गटाची फाईल एकाखाली एक घेतली.

'दुस' पर्यंत दोन्ही सारख्या. त्यानंतर शेजारच्या गटाच्या फाईलमध्ये ई० ए४ बी१, मग ई० ए५ ८डी. आपल्या फाईलमध्ये ई० ए४ बी०, मग ई० ए५ ८डी, आणि त्यानंतर एक आगंतुक तिकडी: ई२ ८० ८डी.

उलगडून सांगतो. 'दुसऱ्या' मधला तो आडवा, पापणीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, दोन रीतींनी लिहिता येतो. पहिली रीत म्हणजे ऱ, नुक्तावाला र, क्रमांक ०९३१, त्याला हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, क्रमांक ०९३०, त्याला हलन्त आणि पुढे शून्य रुंदीचा जोडक, क्रमांक २००डी. हा जोडक दिसत नाही, जागा घेत नाही, कर्सर त्याच्यावर थांबतो की नाही तेही धड कळत नाही. दुसरी रीत चुकीची नाही. युनिकोडच्या २.० आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून मानकातच ती ठेवलेली आहे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एक. बाईटमध्ये मात्र एक सहा बाईटचा, दुसरा नऊ.

कुणाला वाटेल, मग दोन तऱ्हांनी लिहिलेलं अक्षर एका साच्यात आणणारं युनिकोडचं सामान्यीकरण करा, त्यातलं एनएफसी लावा, झालं. नाही होत. एनएफसी र आणि नुक्ता वेगळे असतील तर त्यांचा ऱ करतं, पण जोडकवाल्या र ला हात लावत नाही. मानकाच्या नजरेत ते दोन वेगळे मजकूर आहेत. हे मी तिथेच पायथनच्या एका ओळीने तपासून बघितलं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरणार होतं.

आता मामांच्या प्रश्नाचं उत्तर. 'पहिल्या' या शब्दात पापणीचा र नाही! स्क्रिप्ट फोल्डरमधून 'पहिल्या हप्त्याची यादी' या नमुन्याने फायली गोळा करायची, तेव्हा सगळ्या गटांचे बाईट जुळायचे. दुसऱ्या हप्त्याला नमुन्यात ऱ आला. स्क्रिप्ट लिहिणारा इनस्क्रिप्ट कळफलकावर टाईप करणारा होता, तिथे शिफ्ट धरून इंग्रजी 'J' ची कळ दाबली की सरळ ऱ मिळतो. बाकीच्या गटांतही तेच. या गटातला कॉम्प्युटर मधल्या काळात बदलला होता, आणि नव्यावर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारं टायपिंगचं साधन घातलेलं होतं. ते साधन जोडकवाला र काढतं. ऑपरेटरने जे लिहायचं तेच लिहिलं होतं.

आणि आरडाओरडा का नाही झाला? नमुन्याला एकही फाईल जुळली नसती तर बॅशने, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, तो नमुनाच जसाच्या तसा पुढे ढकलला असता, कॅटने 'अशी फाईल नाही' म्हणून तक्रार केली असती आणि कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. इथे बाकीचे गट जुळले. एक मागे राहिला आणि तो मागे राहिलाय हे कुठल्याच कमांडच्या कानावर गेलं नाही. स्क्रिप्टने सुरुवातीला सेट -ई, पाईपफेल, म्हणजे चूक झाली की थांबायच्या सूचना, सगळं व्यवस्थित लावलेलं होतं. त्याचा काही उपयोग नव्हता, कारण चूक घडलेलीच नव्हती. जे उचललं ते नीट पोचवलं होतं. माझं स्पष्ट मत आहे की 'यशस्वी' हा शब्द स्क्रिप्टने उचललेल्या मालाकडे बघून छापूच नये, फोल्डरमध्ये काय उरलं ते बघून छापावा.

कारण सापडलं, पण पैसे अजून जायचे होते, आणि खरा घाम इथे फुटला. अकौंटंट साहेब म्हणाले, "या गटाची अख्खी फाईल पाठवून द्या बँकेला." पाठवता येत नव्हती. सकाळी ज्यांनी दंगा केला त्यांतल्या काही जणांना कारखान्याच्या शेती खात्याने हाताने एनईएफटी करून टाकली होती. अख्खी फाईल गेली असती तर त्यांना दुबार पैसे, आणि दुबार गेलेले परत मागायला गावोगाव हिंडा.

"मग खाते नंबरने वेगळे काढा की," साहेब म्हणाले. तेही नको म्हटलं. एकाच शेतकऱ्याचा ऊस दोन गटांत असतो, खातं एकच. शेजारच्या गटाचं त्याचं बिल रात्री रीतसर गेलेलं. खाते नंबरने वजाबाकी केली तर त्याला मिळालेच असं धरून या गटाचे पैसे बुडाले. बिल नंबर घ्यायचा, तो दोनदा येत नाही.

गटाच्या फाईलमधून बिल नंबरचा शेवटचा रकाना कापला, सॉर्ट केला. पाठवलेल्या बँक फाईलमधले आणि हाताने केलेल्या यादीतले बिल नंबर एकत्र करून तेही सॉर्ट केले. दोन्हीकडे एलसी_ऑल सी ही क्रमाची सेटिंग ठेवून, कारण दोन याद्या ताडून बघणाऱ्या कॉम या कमांडला दोन्ही फायली एकाच क्रमाने लावलेल्या हव्या असतात. मग कॉम -२३, म्हणजे फक्त पहिल्या फाईलमध्ये असलेल्या ओळी.

उत्तरात गटाची अख्खी फाईल आली. एकही ओळ कमी नाही.

हे शक्यच नव्हतं. हाताने पैसे मिळालेली माणसं दहा फुटांवर कॅन्टीनमध्ये चहा पीत होती. एक बिल नंबर घेऊन दोन्ही फायलींत शोधला तर दोन्हीकडे आहे. मग अदृश्य चिन्हंही दाखवणारं कॅट -ए लावलं. गटाच्या फाईलमध्ये प्रत्येक नंबरच्या शेपटाला टोपीसारखी खूण (^) आणि एम. विंडोजच्या ओळीअखेरचं कॅरेज रिटर्न. बँक फाईल बनवताना स्क्रिप्ट ते काढून टाकते, मी कच्ची फाईल कापली होती म्हणून ते तसंच आलं. टीआर -डी ने काढलं, पुन्हा सॉर्ट, पुन्हा कॉम. आता यादी आखूड झाली, आणि जितकी आखूड झाली तितकीच नावं हाताने केलेल्या यादीत होती. तरीही मी ती रक्कम अकौंटंट साहेबांना कॅल्क्युलेटरवर वेगळी बेरीज करायला लावली. जुळली. पुरवणी फाईल बँकेला गेली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मग जेवलो.

जेवताना साहेबांनी तोडगा काढला. यापुढे फायलींची नावं इंग्रजीतच द्यायची, ना मराठी ना कन्नड, कटकट नको. मला हे पटत नाही. त्या ऑपरेटर पोरींना 'सेकंड इन्स्टॉलमेंट' लिहायला लावलं तर स्पेलिंगच्या सात तऱ्हा येतील आणि त्या ओडीने सुद्धा सुधारायच्या नाहीत. शिवाय कन्नडमध्येही रॅली, रँक असले शब्द लिहायला र ला हाच अदृश्य जोडक लावावा लागतो, म्हणजे दुखणं एका भाषेचं नाही. लांबलचक नावांना मात्र मी आवर घालायला सांगितला. लिनक्सवर फाईलच्या नावाला २५५ बाईटची मर्यादा असते आणि देवनागरी काय, कन्नड काय, प्रत्येक चिन्ह तीन बाईट खातं. काना, वेलांटी, हलन्त धरून ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे. 'सुधारित अंतिम नवीन' छाप नावं तिथपर्यंत आरामात पोचतात.

म्हणून नाव कसंही येवो, दारातच सरळ करून आत घ्यायचं ठरवलं. फाईल आली की जोडकवाला र दिसला तर त्याचा ऱ करायचा. बॅशमध्ये हे दोन ओळींचं काम आहे, पण दोन पथ्यं पाळली. एक, नाव बदलायला एमव्ही -एन, जे असलेल्या फाईलवर दुसरी चढवत नाही. दोन्ही रीतींनी लिहिलेल्या दोन फायली एकाच वेळी आल्या तर साधं एमव्ही दुसरीला गिळून टाकेल. दुसरं, अक्षरं युनिकोड क्रमांकाने न लिहिता सरळ बाईटने लिहिली. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या सोयीत, टाकण्याआधी कुठलीही स्क्रिप्ट ईएनव्ही -आय ने, म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या सेटिंग पुसून, एकदा चालवून बघतो. तशी चालवली तर क्रमांकवाली आवृत्ती मुकाट्याने काहीच करेना. क्रॉनला बऱ्याचदा भाषेची सेटिंग मिळत नाही, आणि सी लोकेलमध्ये, म्हणजे भाषा न ठरवलेल्या स्थितीत, बॅशला तो क्रमांक अक्षरात बदलता येत नाही. हाताने चालवली की चालते, रात्री क्रॉनमधून चालत नाही, या जातीच्या तक्रारींचं मूळ पुष्कळदा इथेच किंवा पाथमध्ये, म्हणजे कमांड कुठे शोधायच्या त्या यादीत, असतं. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या, ओळीत तारखेसाठी टक्क्याचं चिन्ह घातलं असेल तर तिसरीकडे. क्रॉन त्या टक्क्याची नवी ओळ करतो, त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते.

त्यानंतर उरल्यासुरल्याचा हिशेब. आता स्क्रिप्ट वापरलेली प्रत्येक फाईल 'झालेले' फोल्डरमध्ये हलवते. शेवटी 'आलेले' मध्ये एक जरी फाईल शिल्लक राहिली तर 'यशस्वी' छापत नाही, उरलेल्या नावांची मेल अकौंटंट साहेबांना आणि मला येते, आणि बँक फाईल कुणी बघेपर्यंत जात नाही. गटांची यादीही वेगळी ठेवली. ज्या गटाची फाईलच आली नाही त्याचं नाव मेलमध्ये सगळ्यात वर. साहेबांना हे शेवटचं फार आवडलं, कारण आता खरंच कुणी विसरलं तर ते विसरलेलं दिसणार होतं. त्यांनी खत उधारीच्या यादीलाही हेच लावा म्हणून सांगितलं.

पहिल्याच रात्री मेल आली. एका गटाच्या ऑपरेटरने एकच यादी दोनदा टाकली होती, दुसरीच्या नावाला विंडोजने कंसात २ चिकटवलेला. पूर्वी नमुन्यात न बसल्याने ती नुसती पडून राहायची, कुणाला पत्ताही लागायचा नाही. उघडून बघितलं तर दुसरीत दोन बिलांच्या रकमा दुरुस्त केलेल्या होत्या. फोन करून विचारलं, दुसरी खरी निघाली.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधलं शेतकऱ्याचं नाव शोधायची चौकट अजून तशीच आहे. आडनावात पापणीचा र असला की एका रीतीने सापडतो, दुसऱ्या रीतीने नाही, आणि काही माणसांची त्यापायी दोनदोन खाती उघडलेली आहेत. ते शोधून एकत्र करायचं कोटेशन मी पाठवलंय. सही व्हायची आहे.