तिथली माणसं खातात काय?

पापुआ न्यू गिनी या ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या देशातून परतल्यापासून कुणाकडेही गेलो तरी चहाचा दुसरा कप संपत आला की हा प्रश्न येतोच. आधी हवा कशी, पगार बरा होता का, विमानाने किती तास, अशी आडवळणं होतात. मग आवाज थोडा खाली जातो. "पण मला सांग, तिथली माणसं... खातात काय?" यातला 'काय' साधा नसतो. आत्याने विचारलं, सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, मिरजेतल्या सलूनवाल्याने तर वस्तरा माझ्या गळ्याशी असताना विचारलं. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तरच सांगतो.

रताळी खातात.

सकाळी रताळी, संध्याकाळी रताळी, दुपारी कोणी शेतावरून लवकर आलं तर तेव्हाही रताळी. मी २०१८ च्या शेवटापासून २०२० च्या मार्चपर्यंत पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात होतो, मुक्काम गोरोका शहरात आणि काम आसपासच्या खेड्यांत. तिथे रताळ्याला काउकाउ म्हणतात. पहिल्या महिन्यात घरी फोनवर सांगितलं तर बायको म्हणाली, "म्हणजे तुझी रोजच एकादशी." गंमत अशी की रताळं तिथलंही नाही आणि आपलंही नाही, दोघांकडे ते मूळचं अमेरिका खंडातून आलं. तिथे येऊन तीन-चारशे वर्षं झाली. त्याआधी अळकुड्या आणि केळी होतीच. माउंट हागेन शहराजवळ कुक नावाची दलदल आहे, तिथे निदान सात हजार वर्षांपूर्वीपासून शेती केल्याच्या आणि पुढे चर काढून पाणी काढल्याच्या खुणा सापडल्या आहेत. २००८ साली युनेस्कोने ती जागा जागतिक वारशात घेतली. 'आदिवासी, कंदमुळं खाणारे' असं कोणी म्हणालं की मला ते चर आठवतात.

ज्या एका गावाबद्दल पुढे सांगणार आहे ते ओकापा नावाच्या ठिकाणाच्या पलीकडे, गाडीरस्ता संपल्यावर तीन तास पायी. शेतं इतक्या उतारावर की उभं राहायलाच मला काठी लागायची. बायका तिथे मातीचे उंचवटे करून वेल लावतात. कणगी नाही, कोठार नाही, रताळी जमिनीतच असतात. लागतील तेवढी उकरायची, बाकी राहू द्यायची. मग ती बिलममध्ये भरायची. बिलम म्हणजे हाताने विणलेली जाळीची झोळी. पट्टा डोक्यावर, झोळी पाठीवर. एका झोळीत रताळी, दुसऱ्या झोळीत झोपलेलं मूल, वर सरपण, आणि बाई चढण चढतेय. बारकी, किडकी रताळी डुकरांना जातात. डुकरं लग्नात द्यायला, भांडण मिटवायला. उगाच कापत नाहीत. कापली तर मुमु करतात. खड्ड्यात तापवलेले दगड, त्यावर केळीची पानं, रताळी, पालेभाज्या, मांस, पुन्हा पानं आणि वर माती. रायगडातली पोपटी खाल्ली असेल तर वासाचा अंदाज येईल.

आता तुमचा खरा प्रश्न. ओकापा हा फोरे लोकांचा मुलूख. मेलेल्या आप्ताचं मांस खायची रीत त्यांच्यात होती, हे खरं आहे. शिकार करून नाही, तो अंत्यविधी होता. आपल्या माणसाला किड्यांनी खाण्यापेक्षा माया करणाऱ्यांच्या पोटात जागा मिळावी, असा विचार. त्यातून कुरू नावाचा रोग पसरला. अंग थरथरायचं, तोल जायचा, कधी कारण नसताना हसू फुटायचं आणि वर्षभरात माणूस जायचा. मेंदू बहुतेक बायका-मुलांच्या वाट्याला यायचा म्हणून मेल्या त्याही जास्त करून बायका आणि मुलंच. एकूण माणसं गेली अडीच हजारांहून जास्त. या रोगावरच्या संशोधनाला १९७६ चं नोबेल मिळालं. रीत १९६० च्या आसपास थांबली, पण रोग अंगात चाळीस-चाळीस वर्षं दबून राहायचा, त्यामुळे शेवटचे रोगी अगदी या शतकापर्यंत निघाले. गावातल्या ज्या म्हातारीकडे मी उतरायचो, तिची आई त्यातच गेली. टोक पिसिन या तिथल्या सगळ्यांच्या बोलीत आईला 'मामा' म्हणतात. पहिला आठवडाभर प्रत्येक बाईला मामा म्हणताना मला हसू येई. या मामाने आईबद्दल सांगितलं तेव्हा मात्र मी खाली राखेकडे बघत बसलो. ती रताळं उलटत उलटत सांगत होती, आवाज तोच, रोजचा.

तिनेही मला खाण्याबद्दलच विचारलं. भारतात एवढी माणसं, सगळ्यांना जमीन आहे का? म्हटलं नाही, कित्येकांना नाही. मग ती खातात काय? विकत घेतात. आणि पैसे नसले तर? मी रेशन कार्ड समजावून सांगायला लागलो. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की जमत नाहीये. त्या देशातली जवळजवळ सगळी जमीन, पुस्तकी आकडा ९७ टक्के, कुळांच्या वहिवाटीची आहे. गावात जन्मलेल्याला वेल लावायला जागा मिळतेच.

म्हणून भूक नाही, असं मीही पहिल्या महिन्यात छातीठोकपणे सांगायचो. मग मुलांची वयं विचारायला लागलो. पाच वर्षांचं म्हणून समजलेलं पोर आठ वर्षांचं निघायचं. पोट रताळ्याने भरतं, पण प्रथिनं नाहीत. देशातल्या पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या मुलांची वाढ खुंटलेली आहे. कॉफीच्या हंगामात हातात पैसा येतो तेव्हा गावात भात आणि टिनपिस, म्हणजे डब्यातले मासे, शिजतात. हा तांदूळ लाए बंदरातून हायलँड्स हायवेने ट्रकमधून येतो आणि शेवटचे तीन तास पाठीवर. राजधानी पोर्ट मोर्सबीहून या भागात रस्ताच नाही, विमान किंवा पाय. हंगाम संपला की पुन्हा काउकाउ. नूडल्सची पाकिटंही पोचली आहेत. त्याला कोणी विकास म्हणत असेल तर म्हणो.

मी तिथे गेलो फ्रिजसाठी. २००० साली पोलिओमुक्त जाहीर झालेल्या या देशात जून २०१८ मध्ये पोलिओ परत आला. वर्षाअखेर २६ रुग्ण. नेहमीचं लसीकरण कित्येक वर्षं ढेपाळलेलं, आणि लस २ ते ८ अंशांत ठेवायला खेड्यात वीज नाही. आम्ही बसवायचो ते सौर फ्रिज, बिनबॅटरीचे. दिवसा पॅनेलवर कॉम्प्रेसर चालतो, आत बर्फाचा थर धरतो आणि रात्र त्या बर्फावर निघते. तीन दिवस ढग राहिले तरी लस टिकते. बॅटरीवाले फ्रिज आधी होते. बॅटऱ्या हळूहळू कुणाच्या घरी दिवा लावायला, फोन चार्ज करायला गेल्या. चोरी म्हणवत नाही मला ती. दिवा तर हवाच होता.

फ्रिजचं वजन शंभर किलोच्या वर. रस्ता जिथे संपतो तिथे गावातली वीसेक माणसं आली होती. दोन लांब बांबू, वेलींनी आवळलेली गाठ, आणि निघाली ती डोली. वाट म्हणजे लाल चिखल. चार खांद्यांवर फ्रिज, बाकीचे पुढे कोयत्याने झुडपं छाटत. अर्ध्या वाटेवर ओढा आहे, तिथे वरून दुसरी डोली येताना दिसली. तसेच दोन बांबू, मध्ये कॉफीच्या पोत्यांची झोळी आणि झोळीत अडलेली बाई. आदल्या रात्रीपासून कळा देत होती. दोन्ही डोल्या ओढ्याकाठी टेकल्या. कोणी काही बोललं नाही. आमच्यातले सहा ताजे गडी उठून तिच्या बांबूला लागले, तिचे दमलेले सहा फ्रिजला. दोन मिनिटांत सगळे आपापल्या दिशेने. आमचाच ट्रक खाली उभा होता, ड्रायव्हरला निरोप गेला.

आठ महिन्यांनी तपासणीला गेलो. फ्रिज झकास, काट्यावर ४ अंश. आत लस नव्हती, मार्गारिनचा डबा आणि एक कोबी होता. आरोग्य सेवक पगार आणायला शहरात गेलेला, दीड महिना झाला होता. शाळेच्या मास्तरांनी चावी दिली आणि ओशाळून म्हणाले, कोबी माझा. मला राग आला तो कोबीचा नाही. पगार घ्यायला माणसाला दोन दिवस उतरून जावं लागतं, तिथे रांग, आज नाही उद्या, तोवर शहरातल्या वांटोकांकडे, म्हणजे आपल्या बोलीच्या माणसांकडे, मुक्काम. मग पाऊस, मग दरड. रस्त्याबद्दल तिथे एकच शब्द ऐकू येतो, बागाराप, म्हणजे पार वाट लागली. माझ्या कागदावर मात्र 'चालू स्थितीत' या रकान्यात बरोबरची खूण झाली. खोटं काहीच नव्हतं त्यात.

मास्तर कधीकधी फोटो पाठवतात, त्यासाठी त्यांना कड्याच्या टोकावर चढावं लागतं, तिथे रेंज आहे. एकात लसीचे खोके रांगेत लावलेले दिसतात. पुढच्यात पुन्हा कोबी.

हे सगळं मी आत्याला सांगत होतो, आषाढी होती. तिने ताटात रताळ्याचा कीस वाढला आणि मी हात आडवा केला, म्हटलं साबुदाणा असेल तर दे. ती हसली नाही.

"आणि त्या बाईचं रे?"

"मुलगी झाली. ट्रकच्या हौद्यातच, ओकापा यायच्या आधी."