आमची वाटचाल, आणि उत्तरेच्या भिंतीचं बिल

भाचा म्हणाला, "मामा, फर्मची माहिती दोन पानांत लिहून द्या. कधी सुरू केली, किती कामं केली, असं." कामं मोजायला बसलो तर वह्या भरतील, आणि त्यातली बहुतेक सांगण्यासारखी नाहीत. गळकं छप्पर, लोणा (ओलीतून भिंतीवर फुलणारा खार) लागलेली भिंत, वाळवी. जातो, करतो, पैसे घेतो, निघतो. मिस्त्री आणि मी, दोघांची भागीदारी. माझी एक हातगाडी आणि दोन जॅक, त्यांच्या वडिलांची हत्यारांची पेटी, एवढं भांडवल. पुढची पंधरा वर्षं बरी गेली. बास. लिहायचं आहे ते शाळेच्या वाड्याबद्दल.

त्याआधी पेटीबद्दल मात्र सांगतो. तिच्यात वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, सात पटाश्या, तीन रंधे, काटकोन बघायचा शिसवीचा गुण्या आणि पितळी ओळंबा, भिंत सरळ आहे का बघायचा. वाकसाला मिस्त्री दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. नव्या वाड्यात गेलो की माझं मोजमाप बाजूला राहायचं. ते वाकसाच्या पाठीने प्रत्येक खांब खालून वर ठोकत जायचे, कान लावून. भरीव साग 'ठक्क' बोलतो, आतून खाल्लेला 'भद्द'. आता यंत्रं आली आहेत. आणा खुशाल. पण आधी ठोकून बघा.

वाडा पुण्यातल्या नदीकाठच्या पेठेतला, वारसा यादीतला. खाली दगडी जोतं, वर विटा आणि मातीची भिंत, चौकाभोवती सुरूदार खांब, कडीपाट, म्हणजे कड्या आणि फळ्यांचं छत, सगळा सागाचा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा माजघरात पुरुषभर पाणी उभं होतं. त्याची रेघ आम्ही पोपडे काढले तेव्हाही भिंतीवर दिसत होती. पूर ओसरल्यावर घरमालकांनी छातीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला. त्या पिढीला सिमेंट म्हणजे पक्कं, असंच वाटायचं. धंद्यातल्या लोकांना सांगायला नको, पण मातीत बांधलेली भिंत खालून ओल ओढते आणि अंगातून वाळवते. तिला सिमेंट फासलं की ओल बाहेर पडायची थांबते आणि वर चढते. तसंच झालं होतं. लोणा पार तुळयांच्या टोकांपर्यंत पोचला होता.

वाडा एका संस्थेला मिळाला, विशेष मुलांच्या शाळेसाठी. कुणी स्वमग्न, कुणी चाकाच्या खुर्चीतलं, कुणाला मोठा आवाज सहन न होणारं. काम पहिल्यांदा आम्हाला मिळालं नाही. आमच्या दराच्या जवळपास निम्म्यात एकाने घेतलं. नाव घेत नाही. ते त्याच्या गाडीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं असतं. त्याने आगाऊ रक्कम उचलली, उत्तरेच्या भिंतीचा जुना गिलावा सोलून तिच्यावर दोन्ही बाजूंनी नवं सिमेंट चढवलं, वर चकचकीत ऑइल पेंट मारला आणि फ्लॅटचं मोठं काम मिळाल्यावर निघून गेला. वारसा समितीने चुन्यातच काम करा म्हणून सांगितलं होतं. तो कागद मला संस्थेच्या फायलीत सापडला, न वाचलेला. टाचणीसुद्धा गंजली नव्हती.

मग आम्हाला बोलावणं आलं. वैशाखात सुरुवात केली. कळीचा चुना आणला, भिजवून गाळला, खड्ड्यात मुरत टाकला. एक चुना, एक सुरखी (विटेची भुकटी), एक वाळू, गुळाचं पाणी, बेलफळाचं पाणी. पोरं हसायची, "काका, प्रसाद करताय का?" खांबांचे पाय तळखड्याच्या, म्हणजे खालच्या दगडाच्या, वर वीतभर कुजले होते. खांब टेकूवर घ्यायचा, जॅकने एका वेळी दोन सूत, म्हणजे पाव इंच, उचलायचा, कुजका पाय कापून जुन्या सागाचा तुकडा सांध्यात बसवायचा. असे अकरा खांब. साग टिंबर मार्केटमधून घेतला, पाडलेल्या वाड्यांचा. नवा साग स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. वर्षभरात तो पिळतो आणि सांधा उघडतो.

आषाढात एका रात्री वॉचमनचा फोन आला. "साहेब, भिंत बोलतेय."

गेलो. सिमेंटच्या आतून माती झिरपल्याचा आवाज येत होता, साळुंकी पानात चालल्यासारखा. ओळंबा धरला तर भिंतीला चार बोटं पोट आलेलं. आत माती चिखल झाली होती आणि सिमेंटच्या दोन पापुद्र्यांमध्ये ती कोंडली गेली होती. वर सहा तुळया. मिस्त्री, मी आणि चार बिगारी, पहाटेपर्यंत टेकू लावत होतो. मिस्त्रींचं वय तेव्हा अडुसष्ट. चिखलात आडवे होऊन ते जॅक फिरवत होते आणि मोजत होते, एक सूत, दोन सूत. भिंत गेली, पण वरचा मजला राहिला. कौलसुद्धा सरकलं नाही.

सकाळी संस्थेचे लोक आले. कुणी चहा विचारला नाही. "काम तुमच्या ताब्यात असताना भिंत पडली, खर्च तुमचा." चालू बिल थांबलं. चार महिने थांबलं. टेम्पो विकला. हाताखाली तयार केलेली दोन सुतारांची पोरं मॉड्युलर किचनवाल्याकडे गेली. त्यांना दोष देत नाही, पण त्यातल्या एकाने पटाशी परत केली नाही, ते लक्षात आहे. आणि तो पहिला ठेकेदार पेठेत सांगत फिरत होता, "जुन्या पद्धतीचं काम असंच असतं."

त्या दिवसांत एकच माणूस दारात आलं. पेठेतल्याच निवृत्त डॉक्टरताई, ज्यांची ओटी आम्ही दर वर्षी चुन्याने रंगवायचो. लहान काम, चार दिवसांचं. त्या पाकीट घेऊन आल्या. "पुढच्या तीन वर्षांच्या रंगाचे पैसे आहेत. मी तेवढी जगेन असं समजून घ्या." मी नको म्हणत होतो, मिस्त्रींनी पाकीट घेतलं. पगार झाले. ताई तिन्ही वर्षं जगल्या, वर पाच आणखी.

शेवटी मीच संस्थेच्या इंजिनिअरसमोर उरलेल्या भिंतीचं तीन फूट सिमेंट सोललं. मागची माती हाताने बाहेर काढली आणि त्यांच्या कागदावर ठेवली. ते काही बोलले नाहीत, पण अहवाल बरोबर लिहिला. भिंत आम्ही विटेवर वीट ठेवून चुन्यात पुन्हा बांधली, मधे आरपार लांब दगड घातले. बिल निघालं. रिटेन्शनचे, म्हणजे मालकाने बिलातून राखून ठेवलेले, शेवटचे पैसे अजून यायचे आहेत, हेही लिहून ठेवतो.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगतो. दुसऱ्याने अर्धवट सोडलेलं काम घेताना पहिल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, ओळंबा धरून. तारखेसह. आणि मालकाची सही घ्या.

बाकी काम गोडीचं झालं. मुख्याध्यापिका बाई वारंवार यायच्या. रिकाम्या खणात, म्हणजे वर्ग होणार त्या जागेत, उभ्या राहून टाळी वाजवायच्या. कडीपाटाखाली टाळी घुमत नाही. त्यांना हेच हवं होतं, घुमणाऱ्या वर्गात काही मुलं कानावर हात ठेवून बसतात म्हणे. ऑइल पेंटची चकाकी गेली तेव्हा त्या माझ्यापेक्षा खूश झाल्या. आणि वाड्याला बाहेर पळायला एकच दिंडी दरवाजा, सगळे खण चौकाकडे तोंड करून. पळत सुटणारं मूल कुठूनही दिसतं. नवी इमारत बांधणाऱ्याला हे सुचलं नसतं. परसाकडचं दार फक्त आगीसाठी, आतून रेटलं की उघडणारं.

चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार मात्र जड गेला. एक फूट उंचीला बारा फूट लांबी असा हिशेब, जोतं अडीच फुटांचं, म्हणजे तीस फूट उतार, मधे सपाट टप्पा वेगळा. पुढे जागा नव्हती. शेवटी बोळातून वळवून चौकात आणला, दगडी पायऱ्यांना हात न लावता. वर्ग सगळे खाली, कचेरी वर. भिंतीतला जिना दीड हात रुंद, तिथे मुलांना चढवायचंच कशाला? उंबरठा सहा इंचांचा. मी म्हटलं, कापू. समिती नाही म्हणाली. मी चिडलो होतो, आता सांगतो, त्यांचंच बरोबर होतं. मिस्त्रींनी कुजलेल्या तुळईच्या चांगल्या भागातून दोन्ही बाजूंना उतरत्या सागाच्या पाचरी केल्या, लाकडी खुंट्यांवर बसणाऱ्या. खिळा एक नाही. उद्या काढल्या तर उंबरठ्यावर ओरखडासुद्धा दिसणार नाही. ते त्यांचं शेवटचं काम.

उद्घाटनाच्या पाटीवर आमचं नाव नाही. ठीक आहे. पण त्या पहिल्या ठेकेदाराच्या यंदाच्या कॅलेंडरवर जून महिन्यात तोच चौक छापला आहे, आम्ही जोडलेल्या खांबांसह. मी ते पान फाडून पेटीत ठेवलं आहे.

दर वैशाखात आम्ही तिथे कौलं परतायला जातो. चौकातल्या तिसऱ्या खांबाला एक मुलगा रोज येताजाता तळहात लावतो, तिथे साग काळपट आणि गुळगुळीत झाला आहे. शाळेने विचारलं, पॉलिश करून द्याल का? मी नाही म्हटलं.

जुन्या घराचं काम असेल तर फोन सकाळी आठच्या आत करा. नंतर मी छपरावर असतो आणि खाली येत नाही.