तुम्ही विचारलंत म्हणून: अँड्र्यू लँगच्या परीकथा नक्की कोणाच्या?

‘परीकथांची ती 12 रंगांची इंग्रजी पुस्तकं स्कॉटिश लेखक अँड्र्यू लँगनेच लिहिली ना? मग मराठीत गोष्ट आणताना लेखक म्हणून त्याचंच नाव टाकायचं?’ असं बरेचजण विचारतात. नका टाकू. शीर्षकपानावरही तो संपादकच आहे.

पहिलं, निळं पुस्तक 1889 चं. त्यात 37 गोष्टी. प्रस्तावनेत कामाची वाटणी चोख दिली आहे: जर्मन ग्रिम बंधूंच्या गोष्टींचं भाषांतर मे सेलरचं, फ्रेंच लेखिका मादाम दोल्नुआच्या गोष्टींचं मिनी राइटचं, अल्लाउद्दीन आटोपशीर केला व्हायोलेट हंटने. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या कथा अठराव्या शतकातल्या जुन्या इंग्रजी भाषांतरातून जशाच्या तशा उचललेल्या. लँगने स्वतः जुन्या ग्रीक साहित्यावरून बेतली ती मेड्युसा राक्षसिणीचं मुंडकं कापणाऱ्या पर्सियसची गोष्ट. ग्रीक हा त्याचा हातखंडा. ‘ओडिसी’ आणि ‘इलियड’च्या गद्य भाषांतरांत तो सहभाषांतरकार होता. भाषापंडित मॅक्स म्युलरशी पुराणकथांच्या उगमावरून भांडायचं, मासिकात वर्षानुवर्षं सदर चालवायचं, हे सगळं सांभाळून परीकथा बसून उतरवायला त्याला सवड कुठली?

पुढे हे काम त्याच्या बायकोकडे, लिओनोराकडे गेलं. 1910 च्या शेवटच्या, लायलॅक (फिकट जांभळ्या) पुस्तकात तो सरळ कबूल करतो की पुस्तकं जवळजवळ सगळी तिचीच: फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज, कातालानमधून तिने आणलेली. ईव्ह राबली, अ‍ॅडमने देखरेख केली, ही मार्क ट्वेनची कोटी तो स्वतःला लावून घेतो.

म्हणून गोष्ट मुळात कोणाची हे कळायला आधी तिच्या शेवटची बारीक टीप बघा, मग प्रस्तावना. प्रस्तावना गाळलेल्या आवृत्त्याही फिरतात. तिथे फसगत होते. निळ्या पुस्तकात लांडगा लाल टोपडंवालीला गिळतो आणि गोष्ट संपते. शिकारी नाही, सुटका नाही, कारण ती पेरोची आहे. लाल पुस्तकात (1890) मात्र तिचं टोपडं सोनेरी, लांडग्याचा घसा भाजतो आणि आजी दारात पोतं धरून त्याला पकडते. ही शार्ल मारेल या दुसऱ्या लेखकाची. दोन्ही ‘लँगच्या’ म्हणून एकत्र कालवल्या, की मुलगी मेली की वाचली याचाच घोळ होतो.

निळ्या पुस्तकातल्या लाल टोपडंवालीला श्रेयाची ओळ अशी द्या: मूळ कथा पेरो, संपादन अँड्र्यू लँग. नंतरच्या पुस्तकांतली गोष्ट असेल, तर लिओनोरा लँगचं नाव संपादकाच्या आधी.