नोकरी सांभाळून परीक्षा द्यायची तर हिशेब वाईट दिवसाचा धरा

रविवारी दुपारी जेवून पंख्याखाली बसल्यावर केलेलं वेळापत्रक सोमवारी संध्याकाळी घरी पोचेपर्यंत टिकत नाही. ते केलेलं असतं रविवारच्या माणसासाठी. त्या माणसाची झोप झालेली असते, पोट भरलेलं असतं आणि त्याला ‘रोज तीन तास’ अगदी माफक वाटतात. सोमवारी रात्री साडेआठला डोंबिवलीचा जिना उतरणारा माणूस वेगळा असतो. वेळापत्रक त्याच्यासाठी करायला हवं.

आकडे हवेत राहू नयेत म्हणून एकच ध्येय उदाहरणाला घेऊ. डोंबिवलीत घर, फोर्टात बँकेची नोकरी आणि जेएआयआयबी, म्हणजे बँकेतल्या लोकांसाठीची परीक्षा, पास व्हायचं. ही परीक्षा १९२८ साली स्थापन झालेली आयआयबीएफ (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स) ही संस्था घेते. वर्षातून दोनदा असते, चार पेपर, प्रत्येक १०० गुणांचा, दोन तासांचा, सगळे बहुपर्यायी प्रश्न. पेपरला ५० गुण मिळाले की पास, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. तुमची परीक्षा एमपीएससी असेल, खात्याअंतर्गत असेल किंवा सीए, तर आकडे बदला. रीत तीच.

आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. दुसरा-चौथा शनिवार सुट्टीचा, म्हणजे सरासरी साडेपाच दिवस कामाचे. नऊ तासांनी साडेएकोणपन्नास. घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत रिक्षा, लोकल आणि चालणं मिळून जाऊन-येऊन साडेतीन तास, म्हणजे आणखी एकोणीस. अंघोळ, जेवण, आवरणं यांचे रोज अडीच, भाजी-किराणा, मुलांचा अभ्यास, आईबाबांची औषधं यांचे रोज दोन. एवढं वजा केल्यावर हातात १९ तास उरतात. कागदावर हे बरे दिसतात, पण यातले बरेचसे दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत असतात आणि काही अशा वेळी येतात की डोकं चालत नाही. खरे वापरता येण्याजोगे आठ-नऊच निघतात. योजना या आठ-नऊंवर उभी करा.

तुमचा आकडा अंदाजाने काढू नका. एक आठवडा मोजा. ए-फोर कागदाची घडी शर्टाच्या खिशात ठेवा, अर्ध्या अर्ध्या तासाच्या ओळी आखा आणि वेळेसमोर फक्त तीन खुणा करा: डोकं ताजं, चालेल, गेलं. घरी पोचल्यावर आठवून लिहायचं नाही, आठवणीत सगळे दिवस आहेत त्यापेक्षा बरे होतात. आठवड्याअखेर बहुतेकांच्या कागदावर एक गोष्ट दिसते. ताजेपणा सकाळी असतो आणि तो चहा, पेपर आणि पाणी भरण्यात जातो. पाणी सहाला येत असेल तर अभ्यास साडेपाचला ठेवण्यात अर्थ नाही, मध्येच उठावं लागतं. पाणी भरून झाल्यावरची पंचवीस मिनिटं धरा.

आता मागून पुढे मोजा. चार पेपर, प्रत्येकाचे चार भाग, म्हणजे सोळा. आठवड्याला एक भाग तर सोळा आठवडे. सराव परीक्षांना चार आणि वाया जाणारे दोन, असे एकूण बावीस. दोन परीक्षांमधलं अंतर साधारण सव्वीस आठवड्यांचं असतं, म्हणजे ‘परीक्षेला तीन महिने राहिले की सुरू करू’ हे गणितातच बसत नाही. वाया जाणारे दोन आठवडे धरले नाहीत तर ते जात नाहीत असं नाही, फक्त सराव परीक्षांतून कापले जातात. कानमन आणि ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या खोडीला नाव दिलं, नियोजनाचा भ्रम: कामाला किती वेळ लागेल हे सांगताना माणूस मागच्या वेळी किती लागला होता ते बघतच नाही. मुंबईत हे दोन आठवडे कुठे जाणार हे आधीच माहीत असतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच पेन्सिलीने खुणा करा: जुलैत रुळांवर पाणी साचण्याचे दिवस, गणपतीला गावी जाणं, तिमाहीअखेरचं क्लोजिंग, घरातलं एखादं लग्न. त्या आठवड्यांना नवीन भाग द्यायचाच नाही.

लोकलचा प्रश्न यातला सगळ्यात मोठा, आणि इथेच लोक वेग बघून चुकतात. फास्टने पंधरा-वीस मिनिटं वाचतात, पण ती उभ्याने, एका हाताने हँडल धरून. डोंबिवलीहून सुटणारी स्लो पकडली तर वेळ जास्त जातो, पण तासाहून अधिक वेळ बसायला मिळतं. अभ्यासाच्या दृष्टीने जाताना स्लो आणि येताना जी मिळेल ती, हे माझं मत. काहीजण उलटं कल्याणला जाऊन बसून येतात. पास कल्याणपासूनचा असेल तरच ते करा, नाहीतर टीसीचा दंड आणि चढणाऱ्यांशी वादावादी यात सकाळचं डोकं खर्च होतं. सीट मिळाली नाही तर ‘काका, कुठे उतरणार?’ विचारून घाटकोपरची एखादी जागा आधीच नक्की करून ठेवायची, हे मुंबईकराला सांगायला नको. तिघांच्या बाकावर कडेला मिळणाऱ्या चौथ्या सीटवर मात्र वाचन होत नाही, अर्धं लक्ष पाय रोवण्यात जातं.

गाडीत काय करायचं हे गाडीत ठरवायचं नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘असं झालं तर हे करीन’ या बांधणीवर बरंच काम केलं आहे. नुसतं ‘मी अभ्यास करीन’ ठरवण्यापेक्षा वेळ, जागा आणि कृती जोडून ठरवलं तर ते होण्याची शक्यता वाढते. म्हणून तीनच वाक्यं लिहून ठेवा. सीट मिळाली तर बारा नवीन कार्डं. उभं राहावं लागलं तर जुनी कार्डं, मोबाइलवर, एका हाताने. हातही मोकळा नसेल तर आदल्या रात्री स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेली व्याख्यांची फाइल, इअरफोनवर. फाइल फोनमध्ये आधीच उतरवलेली हवी, नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. आणि दारात लटकत असाल तर काहीही नाही.

कार्डं म्हणजे काय ते जरा सावकाश बघू, कारण सगळा भार त्यांच्यावर आहे. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटतं आणि ते येतंय असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणून ए-फोर कागदाचे आठ तुकडे करा, एका बाजूला एक प्रश्न, मागे एक उत्तर. ‘एनपीएची (थकून बुडीत चाललेल्या कर्जाची) सगळी माहिती’ हे कार्ड नव्हे, त्याचं उत्तर पानभर येतं आणि अर्धं बरोबर आलं की मन ते पूर्ण धरतं. ‘मुदत कर्जाचा हप्ता किती दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए?’ मागे ‘९०’. ‘चेक बाउन्स, कोणतं कलम?’ मागे ‘१३८, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट’. ‘सरफेसी (थकीत कर्जवसुलीचा कायदा), कोणतं साल?’ मागे ‘२००२’. ‘ठेव विमा, एका बँकेत एका ठेवीदाराला किती?’ मागे ‘पाच लाख, फेब्रुवारी २०२० पासून’. रेपो किंवा सीआरआरसारखे रिझर्व्ह बँकेचे बदलणारे दर असतील तर कोपऱ्यात तारीख टाका आणि परीक्षेच्या महिन्यात ती कार्डं नव्याने करा. जुना दर पाठ असणं हे काहीच पाठ नसण्यापेक्षा वाईट, कारण पर्यायांत तो जुना दरही बसलेला असतो.

उजळणी वाढत्या अंतराने करायची: दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, सोळाव्या आणि पस्तिसाव्या दिवशी. चुकलं की ते कार्ड परत पहिल्या गठ्ठ्यात. ही गठ्ठ्यांची कल्पना जर्मनीच्या सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडली. रबरबँड लावलेले पाच गठ्ठे पुरतात, नाहीतर अँकी नावाचं अॅप हेच काम करतं आणि अँड्रॉइडवर फुकट आहे. रोजची नवीन कार्डं बारा, आठवड्याला सहा दिवस. म्हणजे एका भागाची बहात्तर, सोळा भागांची साडेअकराशेच्या आसपास.

बाराच का? कारण प्रत्येक कार्ड पाच वेळा परत येतं. पाच आठवड्यांत रोजची उजळणी साठावर जाते, चुकलेली धरून पंचाहत्तर, एकाला दहा सेकंद तर बारा-तेरा मिनिटं. हे कुठेही मावतं. उत्साहाने रोज तीस नवीन सुरू केली तर पाचव्या-सहाव्या आठवड्यात रोज एकशे नव्वद कार्डं समोर येतात, अर्धा तास नुसता जुन्यात जातो. मग एक दिवस राहतो, दुसऱ्या दिवशी पावणेचारशे दिसतात आणि अॅप उघडायचंच बंद होतं. बहुतेकांचा अभ्यास सुटतो तो आळसाने नव्हे, या साठलेल्या ढिगाने.

हिशेबाचा पेपर या पद्धतीत बसत नाही. घसारा, वर्तमान मूल्य, ताळेबंदाची गुणोत्तरं ही टेबल, कागद आणि कॅल्क्युलेटर घेऊनच करायची. सूत्राचं कार्ड होतं, गणिताचं होत नाही. त्यासाठी सुट्टीचे शनिवार राखून ठेवा, सकाळी दोन तास, शक्य असेल तर घराबाहेर. जवळपास महापालिकेची किंवा मंडळाची अभ्यासिका असेल तर उत्तम. घरी बसलात तर फोन स्वयंपाकघरात ठेवा. पालथा घालून टेबलावर ठेवलेला फोन बंद नसतो, नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणाचा वाढदिवस आहे हे बघायला हात आपोआप जातो.

आता वाईट दिवस. गाड्या रखडल्या, साहेबांनी साडेसातला काम दिलं, घरी पाहुणे. अशा दिवसाचं किमान काम आधी ठरवून ठेवा आणि ते लाज वाटावी इतकं कमी असू द्या: पाच जुनी कार्डं, एक मिनिट. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसात हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत होता. एकवीस दिवसांचा जो मंत्र सगळीकडे फिरतो त्याला यात काही आधार नाही. याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही असंही दिसलं. म्हणून नियम एकच ठेवा: सलग दोन दिवस शून्य नको. सुटलेलं काम दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढायचं नाही. त्याने दुसरा दिवसही जातो.

झोपेतून वेळ काढणं हा सगळ्यात महागडा सौदा. सात तासांचे साडेपाच केले तर दीड तास मिळतो, पण रात्री वाचलेलं पक्कं होण्याचं काम झोपेतच होतं. ऑफिसातून निघताना साडेसहाचा कटिंग मात्र बघा. चहातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे साडेअकरालाही अर्धा चहा अंगात असतो. शेवटचा चहा चारपर्यंत. परतताना गाडीत डुलकी लागत असेल तर लागू द्या, वीस मिनिटांचा अलार्म व्हायब्रेशनवर लावून. लांबली तर उतरताना जडपणा राहतो, आणि कल्याणलाही पोचता येतं.

घरच्यांना ‘माझी परीक्षा आहे, त्रास देऊ नका’ असं सांगून काही होत नाही. नेमकं सांगा: ‘आई, साडेसहा ते सात मी आत असेन, सातला दूध मी आणतो.’ मोबदल्यात ठरलेलं काम केलं की त्या अर्ध्या तासाला घरात मान मिळतो. गाडीतल्या ग्रुपचंही तेच. पत्ते आणि भजन यांत जीव रमणारच, त्यातून उठायचं नाही, पण त्याच परीक्षेला बसणारा एकजण शोधून ठाण्यापर्यंत एकमेकांना कार्डं विचारायची.

रविवारी वीस मिनिटं आढावा. किती तास बसलात ते लिहू नका, किती कार्डं बघितली आणि पहिल्या फटक्यात किती बरोबर आली ते लिहा. दहापैकी नऊच्या वर बरोबर येत असतील तर नवीन कार्डं पंधरा करा. सातच्या खाली असतील तर आठवडाभर नवीन बंद. सलग दोन आठवडे ठरवल्याच्या निम्म्याहून कमी झालं तर योजना चुकली आहे, रोजचा आकडा खाली आणा. पासिंग ५० असलं तरी सराव परीक्षांत ६५ येईपर्यंत निर्धास्त होऊ नका. परीक्षेच्या हॉलमध्ये पाच-दहा गुण कमीच पडतात. प्रत्येक सराव परीक्षेनंतर चुकलेल्या प्रश्नांचे तीन ढीग करा: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, घाईत चुकीचं वाचलं. पहिल्याला नवीन कार्ड, दुसऱ्याला जुनं कार्ड पुन्हा पहिल्या गठ्ठ्यात. तिसऱ्यासाठी जास्त अभ्यास उपयोगाचा नाही, ‘नाही’, ‘वगळता’ असे शब्द दिसले की कच्च्या कागदावर खूण करायची सवय लावा.

हॉलतिकीट आलं की केंद्राचा पत्ता नकाशावर बघा, आणि पेपर रविवारी असेल तर शनिवारी मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे तेही. मध्य रेल्वेवर मेन लाइन आणि हार्बर दोन्हीकडे रविवारी दुपारचे ब्लॉक असतात, गाड्या उशिरा धावतात, काही रद्द होतात. केंद्र नवी मुंबईत असेल तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बर सुरू आहे ना, हे वेगळं तपासा आणि नेहमीच्या वेळेपेक्षा एक तास आधीची गाडी धरा.